गिमलीची मुकुटवाली आई

कॅनडातल्या विनिपेगमधल्या मराठी घरात पाहुणा उतरला की त्याला काय काय दाखवायचं हे ठरलेलं असतं. आधी विधानसभेची इमारत, मग दोन नद्या मिळतात ती जागा, मग प्राणिसंग्रहालयातली पांढरी अस्वलं. त्यानंतरही पाहुणा शिल्लक असेल तर गिमली. गिमली म्हणजे उत्तरेला तासा-सव्वा तासाच्या अंतरावर, सरोवराच्या काठी वसलेलं छोटं गाव. दीडशे वर्षांपूर्वी आइसलँडहून आलेल्या लोकांनी ते वसवलं. आपण कुठून आलो हे त्यांची पतवंडं अजूनही विसरायला तयार नाहीत. ऑगस्टच्या लाँग वीकएंडला तिथे मोठा उत्सव असतो. आम्ही पुण्याच्या, मुंबईच्या कितीतरी पाहुण्यांना तो दाखवून आणला होता आणि दर वेळी मी पार्किंग शोधण्यातच अर्धा उत्सव घालवला होता.

२०१७च्या उन्हाळ्यात आई आली होती. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. आई नागपूरला शाळेत इतिहास शिकवायची. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी समोरच्याला प्रश्न विचारून उभं करण्याची तिची सवय गेली नव्हती. मेमध्ये आली त्याच आठवड्यात तिने मला स्वयंपाकघरात गाठलं.

"वरच्या मजल्याचं काय करू?" तिने विचारलं. "तू येणार असशील तं ठेवते तसाच. नसशील येणार तं देऊन टाकते. पण खरं काय ते सांग."

वरचा मजला म्हणजे आमच्या नागपूरच्या घराचा. माझं इंजिनिअरिंग संपत आलं तेव्हा बाबांनी तो चढवला. दोन खोल्या, स्वतंत्र स्वयंपाकघर, परदेशी पद्धतीचं बाथरूम, आणि जिना बाहेरून, म्हणजे उद्या सून आली तर तिलाही मोकळीक. सून आली, पण ती माझ्याबरोबर लगेच कॅनडाला निघाली. दोन वर्षांसाठी म्हणून आम्ही आलो होतो. आमच्या कॉलनीत अशी घरं गल्लोगल्ली आहेत. खाली आईबाप, वर कुलूप. आई आठवड्यातून एकदा वर जायची, खिडक्या उघडायची, झाडूनपुसून घ्यायची आणि पुन्हा कुलूप लावून खाली यायची.

त्या वर्षी हिवाळ्यात ती बाथरूममध्ये घसरली होती आणि शेजारीण येईपर्यंत तशीच बसून होती. हाड मोडलं नव्हतं, पण डॉक्टरांनी घरात कोणीतरी हवं असं बजावलं होतं. शेजारणीच्या ओळखीचं एक शिक्षक जोडपं वरचा मजला भाड्याने मागत होतं. आईने त्यांना थांबवून ठेवलं होतं. मुलाला विचारून येते, म्हणाली होती.

मी तिला मेमध्ये उत्तर दिलं नाही. जूनमध्येही नाही. "बघू गं," म्हणायचो. बायको पुण्याची, तिला आडपडदा नाही. मुलीची शाळा संपेपर्यंत तरी आपण कुठे हलत नाही, असं तिचं स्पष्ट मत होतं, आणि शाळेनंतर युनिव्हर्सिटी असते हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"मग तूच सांग ना तिला," मी एकदा म्हणालो.

"तुझी आई, तू सांग," ती म्हणाली. "मी सांगितलं तर सुनेने सांगितलं असं होईल."

बरोबरच होतं. मला मात्र तोंड उघडता येत नव्हतं. खरं तर मलाच नक्की ठाऊक नव्हतं असं मी स्वतःला समजावत होतो. आईचं परतीचं तिकीट महालक्ष्म्यांच्या, म्हणजे गौरींच्या, आधीचं होतं. दिवस भराभर संपत होते आणि मी आईला अस्वलं दाखवत फिरत होतो.

गिमलीला निघायच्या सकाळी आईने तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या, लिंबाचं लोणचं बांधलं, थर्मासमध्ये चहा भरला. "आई, तिथे फूड ट्रक असतात," बायको म्हणाली. "असू दे," आई म्हणाली. नऊ वर्षांच्या आमच्या मुलीने पुऱ्यांचा डबा मांडीवर घेतला आणि शहराची हद्द ओलांडायच्या आत दोन संपवल्या. बाहेर दोन्ही बाजूंना सपाट शेतं होती. पिवळ्या मोहरीसारखं काहीतरी क्षितिजापर्यंत पसरलेलं. आईला सपाटीचं कौतुक नव्हतं. ती वऱ्हाडात वाढलेली. "एवढी जमीन नि माणूस नाही कुठं," एवढंच म्हणाली.

पार्किंग मिळालं तेही गावाबाहेर. तिथून चालत निघालो. रस्त्याच्या कडेला लोकांनी मिरवणुकीसाठी सकाळीच घडीच्या खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या आणि स्वतः कुठेतरी नाश्त्याला गेले होते. आई थांबून त्या रिकाम्या खुर्च्या बघत राहिली. "एस.टी.त रुमाल टाकतात तसं आहे," म्हणाली, "पण इथं कोणी उचलून फेकत नाही."

मग सरोवर दिसलं. पलीकडचा काठ दिसत नाही एवढं मोठं, लाटा, वाळू, पोहणारी मुलं, बंदरात बांधलेल्या मासेमारीच्या होड्या.

"बाप्पा! हा तं समुद्र आहे."

"सरोवर आहे, आई. गोड्या पाण्याचं."

तिचा विश्वास बसला नाही. ती चपला काढून पाण्यापर्यंत गेली, वाकून बोटं बुडवली आणि जिभेला लावली. "खरंच गोडं आहे," म्हणाली. "आपल्या फुटाळ्याचाच भाऊ हा. बाहेर जाऊन मोठा झाला." फुटाळा म्हणजे नागपूरचा तलाव, हे मुलीला सांगावं लागलं. मग ती हसली. मला हसू आलं नाही. मेपासून आईच्या प्रत्येक वाक्यात मला वरचा मजला ऐकू येत होता.

बंदराच्या धक्क्याला लांब भिंत आहे. तिच्यावर गावच्या चित्रकारांनी जुन्या दिवसांची चित्रं काढली आहेत. होड्या, जाळी, बर्फाला भोक पाडून मासे धरणारे लोक. आईने एकेक चित्र नीट पाहिलं. मग पुढे वायकिंगचा भलामोठा पुतळा लागला. डोक्यावर शिंगांचा टोप, हातात भाला. त्याच्यासमोर फोटो काढणाऱ्यांची रांग होती.

"हा कोण?"

"आजी, ही इज अ वायकिंग," मुलगी म्हणाली. "दे वेअर लाइक, रिअली स्ट्राँग."

"इथं आले ते लोक भाले घेऊन आले होते का?"

मी सांगितलं की नाही, ते बिचारे गरीब होते. ज्वालामुखीची राख पडून कुरणं गेली, जनावरं मेली, म्हणून निघाले. इथे येऊन मासे धरले, शेती केली.

"मग मासेवाल्याचा पुतळा काहून नाही? भालेवाल्याचा काहून?" आई म्हणाली. तिने फोटोही काढून घेतला नाही. शिवाजी महाराज सोडून कोणत्याही शस्त्रधारी पुतळ्याशी तिचं जमत नाही.

म्युझियम लहानसं आहे. तिथे आईचा खरा उत्सव झाला. आम्ही तिघं दहा मिनिटांत बघून बाहेर आलो असतो. आईने हात पाठीमागे बांधले आणि पहिल्या फलकापासून वाचायला सुरुवात केली. पहिला हिवाळा कसा गेला, पांघरुणं कशी पुरली नाहीत, मग देवीची साथ कशी आली, त्यात आलेल्यांची मुलं गेली आणि आधीपासून इथे राहणारे मूळचे लोक तर वस्त्याच्या वस्त्या मेले. तिथे ती बराच वेळ उभी राहिली. "हे आपण पुस्तकात तीन ओळींत शिकवतो," म्हणाली. मुलगी जमिनीवर बसून राहिली. बायको मला खुणेने विचारत होती, अजून किती?

दाराजवळ एका टेबलामागे एक म्हातारी बाई केक विकत होती. बिस्किटासारखे पातळ थर आणि मधे सुकवलेल्या आलुबुखारांचा काळा मुरंबा, विनार्तेर्ता नावाचा. आईने तुकडा हातात घेऊन वास घेतला आणि तिचे डोळे मोठे झाले. "विलायची!" मग तिने तिच्या शाळेच्या इंग्रजीत त्या बाईला विचारलं की यात अंडं असतं का. असतंच, बाई म्हणाली. आईने तुकडा मुलीच्या हातात दिला. खाल्ला नाही, पण बोलणं सोडलं नाही. त्या बाईने सांगितलं, आइसलँडमध्ये आता हा केक फारसा कोणी करत नाही. तिकडचे पाहुणे येतात, खातात आणि म्हणतात, आमची पणजी असा करायची म्हणे. इथे मात्र थर किती हवेत आणि वर साखरेचं लिंपण हवं की नको यावरून सख्ख्या बहिणी वर्ष वर्ष बोलत नाहीत.

"आमच्याकडे पुरणात गूळ की साखर, यावरून," आईने मला भाषांतर करायला लावलं. बाई खूप हसली.

मग आईने तिला विचारलं, यातलं परत कोणी गेलं का?

काही गेले, बाई म्हणाली. थोडे. तिचा पणजोबा दरवर्षी म्हणायचा, पुढच्या वर्षी जाऊ. जायचंच आहे म्हणून त्याने घराभोवती एक झाड लावलं नाही. उन्हाळ्यात सगळं घर तापायचं आणि पणजी त्याला शिव्या घालायची. शेवटी झाडं तिने लावली. तो इथेच गेला.

"आणि त्याची आई? तिकडं राहिली ती?"

बाईने डोकं हलवलं. ते घरात कोणालाच ठाऊक नाही, म्हणाली. ती स्वतः एकदा आइसलँडला जाऊन आली होती. पणजोबाचं शेत सापडलं, पण तिथे दुसरेच लोक राहत होते. चांगले होते, त्यांनी कॉफी पाजली.

आईने "थँक यू" म्हटलं आणि ती बाहेर आली. बाहेर आल्यावर तिने पाणी मागितलं. मी बाटली दिली. ती माझ्याकडे बघेल असं मला वाटलं, पण ती सरोवराकडे बघत होती. मला त्या पणजोबाचा राग आला होता. झाड लावायला काय जातं माणसाचं?

दुपारी पार्कमध्ये मुख्य समारंभ होता. हिरवळीवर शेकडो माणसं खुर्च्या टाकून बसली होती. आम्ही सतरंजी अंथरली आणि उरलेल्या पुऱ्या काढल्या. राष्ट्रगीतं झाली, भाषणं झाली, आणि मग दोन मुलींच्या मधून एक साठी उलटलेली बाई चालत व्यासपीठावर आली. पांढरा पोशाख, त्यावर पायघोळ हिरवा झगा, कमरेला सोनेरी पट्टा, डोक्यावर उंच मुकुट आणि मुकुटामागून खाली सोडलेली पांढरी जाळीदार ओढणी. सगळे उठून उभे राहिले. आईही उठली.

"ही कोण? राणी?"

मी फोनवर वाचून तिला सांगितलं. दरवर्षी हे लोक आपल्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईला निवडतात. ती त्या दिवशी आइसलँड होते. म्हणजे मागे राहिलेली आई. आणि समोर बसलेली ही सगळी तिची, घर सोडून आलेली मुलं.

आई खाली बसली नाही. त्या बाईला उंच खुर्चीवर बसवलं, मुलींनी तिच्या झग्याच्या चुण्या नीट केल्या, तेव्हा आई म्हणाली, "आपल्या महालक्ष्म्या बसवतात अगदी तशी."

खरंच तशी दिसत होती. आमच्याकडे उभ्या महालक्ष्म्यांच्या पदराच्या निऱ्या काढायला दोन काकू लागतात.

"पण उलटं आहे," आई थोड्या वेळाने म्हणाली. "आपल्याकडं लेक आईकडे येते. इथं आईच येऊन राहिली लेकरांकडं."

मुकुटवाली बाई बोलायला लागली. माझ्या मुलांनो, अशी सुरुवात होती. तुमची गलबतं गेली ती मी किनाऱ्यावरून पाहिली, तुम्ही कष्ट केलेत, नाव काढलंत, मला तुमचा अभिमान आहे, असं बरंच. आवाज छान होता. पुढच्या रांगेतले एक आजोबा डोळे पुसत होते. तिचं संपलं तेव्हा लोकांनी कडकडून टाळ्या वाजवल्या, आणि मग बरेच जण उठून आइस्क्रीमच्या रांगेकडे गेले.

"चांगली बोलली," आई म्हणाली. "टाळ्याही छान झाल्या."

समारंभ संपल्यावर ती बाई व्यासपीठाखाली खुर्चीवर बसली होती. लोक येऊन फोटो काढत होते. आई म्हणाली, मला भेटायचंय. मी म्हटलं, चल, फोटो काढू. रांग संपल्यावर आमचा नंबर आला आणि आईने जे केलं ते माझ्या ध्यानीमनी नव्हतं. तिने चपला बाजूला काढल्या, पदर खांद्यावरून पुढे घेतला आणि वाकून त्या बाईच्या पायांना हात लावून नमस्कार केला.

"ओ माय गॉड, आजी!" मुलगी पुटपुटली आणि बायकोच्या मागे लपली.

ती बाई गडबडून मुकुटासकट उभी राहिली. मुकुट एका बाजूला कलला. तिने आईचे दोन्ही हात धरून तिला उठवलं आणि घाबरून माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, आमच्याकडे देवीला, आणि आईला, असा नमस्कार करतात. तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. मग तिने आईला आपल्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, कुठल्या तुम्ही?

"नागपूर. इंडिया."

"आणि हा तुमचा मुलगा?"

"एकच," आई म्हणाली. "युवर चिल्ड्रन? हिअर?"

बाई हसली. तिला दोन मुलं आहेत, म्हणाली. एक व्हँकूव्हरला, एक कॅल्गरीला. यायचं म्हणत होते, पण या वीकएंडला जमलं नाही त्यांना. फोनवर दाखवा म्हणालेत.

आईने तिच्या हातावर हात ठेवला. आईला याहून जास्त इंग्रजी लागलं नाही. मी फोटो काढला. त्यात दोघींचीही नजर कॅमेऱ्याकडे नाही.

आम्ही सतरंजीकडे परत आलो. बायको मुलीला घेऊन आइस्क्रीम आणायला गेली. आई डबे आवरत होती. मी तिच्या समोर बसलो.

"आई, आम्ही परत येणार नाही," मी म्हणालो. "राहायला नाही येणार. वरचा मजला देऊन टाक."

तिने डब्याचं झाकण लावलं, दाबलं, पुन्हा एकदा बघितलं नीट बसलंय का.

"बरं," म्हणाली.

"तुला वाईट वाटलं?"

"वाईट काहून नाही वाटणार? वाटलंच." मग ती म्हणाली, "तुझे बाबा दुपारी वर जायचे. पंखा लावून बसायचे खाटेवर. मी विचारायची, खाली पंखा नाही का? तं म्हणायचे, घर वापरात राहिलं पाहिजे. मी फक्त झाडायला जात होती. मला माहीत होतं रे. पण तू म्हणेपर्यंत मी कशी देऊ? तुझ्या बापानं बांधलंय."

मला रडू आलं. भर पार्कात, आइसलँडच्या लेकरांमध्ये बसून मी रडलो. आईने पदराने माझं तोंड वगैरे पुसलं नाही. थर्मासमधला उरलेला चहा झाकणात ओतून माझ्यापुढे केला. तो कोमट होता. मी प्यायलो. बायको आइस्क्रीम घेऊन आली, आमच्याकडे बघून शेजारी बसली आणि तिने आईच्या हातात एक कोन दिला.

"अंडं नाही ना यात?" आईने विचारलं.

"नाही, आई. विचारून घेतलंय."

परतताना आई गाडीत झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा करत होतो. नागपुरात तेव्हा संध्याकाळ होती. आईने टेबलाशी बसून त्या शिक्षकांना फोन लावला, स्पीकरवर, कारण तिला फोन कानाला धरायला आवडत नाही. गणपतीनंतर राहायला या, म्हणाली. जिना बाहेरून आहे, तुमचं तुम्ही मोकळे. किल्ल्या दोन्ही तुमच्याकडेच ठेवा, मला आता वर यायचं काम पडणार नाही. पलीकडून बाई आनंदाने आभार मानत होती. मग ती जरा चाचरत म्हणाली, "पण काकू, दादा आले सुटीवर, तर त्यांची अडचण नाही ना व्हायची?"

आईने माझ्याकडे बघितलं नाही. टेबलावरचा पुऱ्यांचा चुरा बोटाने गोळा करत होती.

"त्याची कायची अडचण?" म्हणाली. "आला तं माझ्या खोलीत गादी टाकेन त्याला."